हात जरा सैल धर ना

माझी भाची नववीत आहे. तिच्या शाळेत यंदा मुलींसाठी स्वसंरक्षणाची कार्यशाळा झाली. एक शनिवार, सकाळी साडेआठ ते साडेदहा. प्रार्थनेच्या हॉलमध्ये दीडशेच्या वर मुली, व्यासपीठावर पांढऱ्या पोशाखातले एक सर आणि त्यांचे दोन मदतनीस. मनगट धरलं तर काय करायचं, केस धरले तर काय, मागून मिठी मारली तर, गळा आवळला तर, ओढणी खेचली तर, चाकू दाखवला तर. शेवटी सरांनी कोपराने कौलं फोडून दाखवली, पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाले. ‘आत्या, एकवीस टेक्निक शिकवल्या आम्हाला,’ असं तिने त्याच दिवशी फोनवर सांगितलं. वहीत क्रमवार लिहूनही घेतल्या होत्या. आकृत्यांसकट.

तीन आठवड्यांनी मी त्यांच्याकडे गेले होते. वहिनी चहाचं आधण ठेवत होती, भाची ओट्याला टेकून उभी होती. काही न सांगता मी तिचं मनगट धरलं. दुखेल इतकं नाही, पण खरं धरलं. म्हटलं, ‘सोडव.’ तिने हात मागे ओढला. मग वर ओढला. मग पिरगाळून पाहिला. मग थांबली आणि वरच्या पंख्याकडे बघून आठवायला लागली, पाच नंबर की सहा. शेवटी म्हणाली, ‘आत्या, हात जरा सैल धर ना. सरांनी असं नव्हतं धरलं.’

मी गेली अठरा वर्षं संध्याकाळी मुलामुलींना ज्युदो शिकवते, त्याआधी दहाएक वर्षं खेळले. भाचीवर मला राग आला नाही. ती हुशार मुलगी आहे आणि जे दिलं ते तिने मन लावून घेतलं. सरांवरही फारसा आला नाही. दोन तासांत दीडशे मुली म्हटल्यावर दुसरं काय करणार? राग आला तो त्या एकवीस आकड्याचा. मुलींना स्वसंरक्षण शिकवायचं म्हणजे जास्तीत जास्त डाव दाखवायचे, ही समजूत कुठून आली कुणास ठाऊक. लढण्याच्या ज्या ज्या विद्या मला थोड्याफार माहीत आहेत, त्यांतल्या एकीतही असं चालत नाही. तिथे सगळा भरवसा एका-दोन डावांवर असतो.

माझे आजोबा कराडकडचे, तालमीत वाढलेले. मोठे पैलवान नव्हते. जत्रेच्या फडात नारळ-फेट्याच्या कुस्त्या मारायच्या, एखाद्या वर्षी चार रुपये जास्त मिळायचे, इतकंच. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला डाव किती येतात? ते म्हणाले, ‘येतात पन्नास-साठ. लागतो एकच.’ त्यांचा एकेरी पट होता. समोरच्याचा एक पाय उचलायचा आणि त्याला पाडायचं, सांगायला एवढंच. पण वस्तादांनी तो त्यांच्याकडून दोन वर्षं घोटून घेतला होता, रोज पहाटे, आणि जोडीला मुद्दाम त्यांच्याहून दहा-बारा किलो जड गडी देऊन. म्हातारपणी गुडघे गेल्यावरसुद्धा अंगणात कुणी पाय थोडा पुढे टाकून उभा राहिला, की आजोबांची नजर आधी त्या पायावर जायची. आजी म्हणायची, यांना माणसं पायाकडून दिसतात.

आपल्या मातीत डावांना काही कमी नाही. ढाक, घिस्सा, कलाजंग, मोळी, झोळी, आतली टांग, बाहेरची टांग, एकचाक, भारंदाज, धोबीपछाड. प्रत्येकाच्या पोटात पुन्हा प्रकार, प्रत्येकाची तोड, तोडीची तोड. तरी कुठल्याही पैलवानाबद्दल विचारा, गावातला जुना शौकीन एका डावाचंच नाव घेतो. ‘त्याची ढाक बसली की संपलं.’ ‘तो घिश्श्याचा गडी.’ डाव हीच त्या माणसाची ओळख असते. तो डाव हुकमी झाला असं म्हणतात. पत्त्यांत हुकूम असतो तसा: हातात असला की बाकीच्या पानांची चिंता नाही.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव ढाकेसाठी ओळखले जात. समोरच्याची मान बगलेत धरायची आणि अंगाला झोल देऊन त्याला खाली आणायचं. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले तेव्हा मातीत वाढलेल्या या पैलवानाला गादीची सवय नव्हती, नियमही नवे होते; तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ च्या जुलैत खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माती बदलली, पंच बदलले, भाषा बदलली, समोर कॅनडाचा, मेक्सिकोचा, जर्मनीचा गडी. अशा वेळी माणसाबरोबर काय जातं? वहीतले डाव जात नाहीत. हाडात गेलेलं तेवढं जातं.

ज्युदोत तर याला नावच आहे: तोकुई-वाझा. ज्याचा त्याचा लाडका, हातखंडा डाव. ज्युदोच्या परंपरेत पाडण्याच्या चाळीस डावांचा एक संच आहे, तो सगळ्यांना शिकावा लागतो, पट्ट्याच्या परीक्षेत दाखवावाही लागतो. पण स्पर्धेत उतरलेल्या खेळाडूला विचारा, तो एकच नाव सांगेल, फार तर दोन. जपानच्या कोसेई इनोउएचा, समोरच्याच्या दोन पायांमध्ये पाय घालून फेकण्याचा उचिमाता डाव जगाला ठाऊक होता. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये १०० किलोच्या अंतिम लढतीत कॅनडाच्या निकोलस गिललाही तो ठाऊक होता. गिल पडला तो उचिमातावरच. तोशिहिको कोगाचा खांद्यावरून फेकण्याचा सेओई-नागे तसाच. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या तोंडावर सरावात त्याचा गुडघा दुखावला, धड चालता येईना, आणि त्याच गुडघ्यावर त्याने सुवर्ण जिंकलं. ग्रीको-रोमन कुस्तीत रशियाचा अलेक्सांदर कारेलिन खाली पालथ्या पडलेल्या, १३० किलोच्या आसपासच्या गड्यांना कमरेला उलटी मिठी घालून उचलायचा आणि मागे फेकायचा. समोरच्यांना माहीत असायचं काय येणार आहे. ते गादीला घट्ट चिकटून राहायचे, तरी उचलले जायचे. त्याने १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन सुवर्णपदकं मिळवली. मुष्टियुद्धात जो फ्रेझियरचा डावा हुक: लहानपणीच्या दुखापतीमुळे त्याचा डावा हात पुरता सरळ होत नव्हता, आणि त्याच वाकड्या हाताने ८ मार्च १९७१ रोजी पंधराव्या फेरीत मुहम्मद अली खाली बसला.

ब्राझिलियन जिउजित्सूतला रॉजर ग्रेसी मला या सगळ्यांत जास्त आवडतो. छातीवर बसायचं आणि दोन्ही हातांनी कॉलर धरून गळा आवळायचा, हा त्याचा डाव. पहिल्या महिन्यात शिकवतात असला. इतरांनी नवनवे डाव काढले, हा तेच करत राहिला आणि दहा वेळा जगज्जेता झाला.

‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण आपण इतर सगळ्या गोष्टींना लावतो. मुलींच्या प्रशिक्षणाला मात्र चिंध्याच चालतात.

हुकमी डाव तयार कसा होतो, हे बाहेरच्या माणसाला कंटाळवाणं वाटेल. मी खेळायला लागले तेव्हा आमच्या सरांनी मला वर्षभर सेओई-नागेशिवाय दुसरं काही करू दिलं नाही. ज्युदोत उचिकोमी नावाचा प्रकार असतो. डाव पूर्ण करायचा नाही, फक्त शिरायचं. बाही ओढ, वळ, पाठ लाव, गुडघे वाक, परत सरळ. पुन्हा. शंभर उजवीकडून, तेवढेच डावीकडून. ज्युदोच्या जॅकेटचं कापड जाड गोधडीसारखं असतं. सहा महिन्यांत माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची कातडी इतक्या वेळा सोलवटली की आई रात्री कैलास जीवन लावताना म्हणायची, याला खेळ म्हणतात होय? पण वर्ष संपता संपता एक दिवस रांदोरीत, म्हणजे खऱ्या झटापटीच्या सरावात, एक मुलगी माझ्या पाठीवरून पलीकडे गेली आणि मला ते ती पडल्यावर कळलं. मी ठरवलं नव्हतं. तिने वजन पुढे टाकलं आणि माझं अंग आपोआप वळलं.

त्या ‘आपोआप’पर्यंत पोचल्याशिवाय डाव आपला होत नाही. गंमत म्हणजे खाशाबांच्याच पदकाच्या वर्षी, १९५२ साली, विल्यम हिक या इंग्रज संशोधकाने दिवे आणि बटणांच्या प्रयोगांतून मांडलं की निवडीचे पर्याय वाढतात तसा प्रतिसादाला लागणारा वेळही वाढतो. तालमीतल्या वस्तादाला हे कुणी सांगायची गरज नव्हती. भाची पंख्याकडे बघत होती तेव्हा ती एकवीस पानं चाळत होती. पुढ्यातला माणूस तेवढा वेळ थांबत नसतो.

इथे माझ्याच बाजूची एक लबाडी कबूल करायला हवी. एकच डाव, एकच डाव असं मी म्हणते, पण हुकमी डाव एकटा कधीच नसतो. आजोबांच्या पटाआधी खडाखडी असायची. मानेवर हात टाकून समोरच्याला खाली दाबायचं. तो चिडून मान वर करतो, अंग ताठतं, पाय उघडा पडतो आणि पट निघतो. त्याने पाय मागे घेतला तर मानेची ओढ तशीच पुढे न्यायची. म्हणजे वाटा दहा आणि दार एक. इनोउएचंही तसंच, कोगाचंही. म्हणून कुणी म्हणेल की अहो, इतर डाव शिकायलाच लागतात की. लागतात. पण ते त्या एका डावाच्या सेवेला. एकवीस वेगवेगळ्या दारांची एकवीस कुलपं आणि किल्ली एकाचीही नाही, यात आणि त्यात फरक आहे.

दुसरा आक्षेप मला खेळातलेच लोक घेतात: एकाच डावावर राहिलं की समोरचा त्याची तोड शोधतो. बरोबर आहे, आखाड्यात, गादीवर हे रोज घडतं. पण रिक्षात शेजारी बसून मुलीच्या मांडीला हात लावणारा माणूस तिच्या लढतींच्या चित्रफिती बघून आलेला नसतो. तिच्याकडे काही डाव आहे हेच त्याला माहीत नसतं. हुकमी डावाला याहून सोपी जोड मिळणार नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न निराळा आहे: डाव निवडायचा कोणता? कार्यशाळांत हमखास दाखवतात ते भयंकर डाव. डोळ्यात बोटं घाल, गळ्याच्या घाटीवर मार, गुडघा मोड. ऐकताना मुलींच्या डोळ्यांत चमक येते. पण ज्युदो जन्मला तोच या प्रश्नाच्या उत्तरातून. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योच्या एइशो-जी मंदिरातल्या बारा चटयांच्या खोलीत कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली. जुन्या जुजुत्सूतले घातक प्रकार त्यांनी खुल्या सरावातून बाजूला काढले आणि ठरावीक आकृतिबंधात तेवढे ठेवले. राहिले ते डाव पूर्ण ताकदीने, पूर्ण विरोध करणाऱ्या माणसावर, रोज करता येण्याजोगे. वरवर बघता त्यांनी विद्या मवाळ केली. प्रत्यक्षात उलटं झालं. जो डाव मैत्रिणीवर शंभरदा जीव लावून करता येतो, तोच अंगात मुरतो. डोळ्यात बोटं घालण्याचा सराव कुणावर करणार? तो नेहमी हवेत होतो, आणि हवेत केलेला डाव वेळ आली की हवेतच राहतो. आपल्याकडेही मल्लविद्येत भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी असे चार प्रकार सांगतात. हातपाय मोडायची ती जरासंधी. तालमीत रोज घोटलं जातं ते मात्र भीमाचं बळ आणि मारुतीची युक्ती.

शिवाय वजन. खाशाबा ५७ किलोच्या गटात लढले, नव्वद किलोच्या गड्याशी नाही. जत्रेतसुद्धा वस्ताद मंडळी जोड बघून कुस्ती लावतात. बेजोड कुस्ती लावली तर फड ओरडतो. रस्त्यावर जोड कोण लावतो? बेचाळीस किलोच्या मुलीने ऐंशी किलोच्या बाप्याला लोळवायचं, हा सिनेमा झाला. तिचा डाव सुटण्याचा हवा. चीत करणं हा तिचा निकाल नाही; तिच्यात आणि त्याच्यात दहा पावलांचं अंतर पडणं, हा निकाल.

आता याहून अवघड भाग. या कार्यशाळांतला हल्लेखोर नेहमी अनोळखी असतो. अंधारी गल्ली, मागून आलेला माणूस, हातात चाकू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं वेगळं सांगतात: नोंदलेल्या बलात्कारांपैकी दहात नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या मुलीच्या किंवा बाईच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, मित्र, मालक, शिकवणीचा मास्तर. त्याच्या डोळ्यात बोटं घाल म्हणून सांगणं सोपं आहे. ज्याच्या पाया पडायला आपणच तिला लहानपणापासून लावलं, ज्याला काका म्हणायला शिकवलं, त्याचा हात खांद्यावर नको तितका वेळ राहिला, तर ‘हात काढा’ एवढे दोन शब्द मोठ्याने म्हणणंही तिला जमत नाही. घरात चारचौघांत मुलीने आवाज चढवला तर तो उद्धटपणा ठरतो, हे तिला एकवीस टेक्निकांच्या फार आधी शिकवलेलं असतं. तो डाव आपणच तिच्याकडून काढून घेतला आहे.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर एक अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना तीन-तीन तासांची चार सत्रं दिली, बाकीच्यांना नेहमीची माहितीपत्रकं. वर्षभरात माहितीपत्रकांच्या गटातल्या ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला होता, प्रशिक्षण मिळालेल्यांत ५.२ टक्के. जवळजवळ निम्मं. मी हे आकडे माझ्या वर्गातल्या पालकांना सांगते तेव्हा ते विचारतात, कुठले डाव शिकवले हो? अंगाने लढायचं शिकवलं ते चारांपैकी एकाच सत्रात. बाकीच्या वेळात काय केलं? ओळखीच्या माणसाचं वागणं कुठल्या वळणावर बदलतं ते ओळखणं, आणि ‘मी बोलले तर त्याला वाईट वाटेल’, ‘मलाच तसं वाटलं असेल’ या आतल्या अडसरांचं काय करायचं ते. आमच्या भाषेत सांगायचं तर पटाआधीची खडाखडी. ती न शिकवता पट शिकवला, तर तो निघत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. शाळांनी एकदिवसीय कार्यशाळा बंद कराव्यात. ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ असं म्हणतात; मला ते पटत नाही. प्रमाणपत्र मिळालेल्या मुलीला वाटतं आपल्याला येतं, आणि तिच्या वडिलांनाही तसंच वाटतं. ज्याला पोहता येत नाही तो निदान खोल पाण्यात जात नाही. बरं, वेळ नाही हे कारणही खरं नाही. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी रानी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचं आत्मरक्षा प्रशिक्षण आहेच. तीन महिने म्हणजे वस्तादाच्या हिशेबाने काहीच नाही, पण दोन तासांच्या मानाने खूप आहे. या तीन महिन्यांत पंचवीस डावांचा अभ्यासक्रम न बसवता तीनच गोष्टी बसवाव्यात: धरलेला हात सोडवणं, तळहाताने नाकाखाली जोरात ढकलून पळणं, आणि पोटातून ओरडणं. यातलं ढकलणं उशीवर किंवा पॅडवर पूर्ण ताकदीने करता येतं. हात सोडवणं मैत्रिणीवर करता येतं, आणि मैत्रिणीने दर आठवड्याला आधीपेक्षा घट्ट धरायचं. तीन महिने संपल्यावर पी.टी.च्या तासाला रोज पाच मिनिटं तेच, दहावी संपेपर्यंत. पी.टी.चे सर किंवा बाई हे घेऊ शकतात; त्यासाठी काळा पट्टा लागत नाही, कौलं तर मुळीच लागत नाहीत.

परीक्षा घ्यायचीच असेल तर सोपी आहे. वर्षाच्या शेवटी, न सांगता, वर्गातल्या सगळ्यांत दांडग्या मुलीने मनगट धरायचं. सुटलं तर पास.

आणि वर्गातली मुलं? त्यांना त्या तासाला मैदानावर क्रिकेट खेळायला पाठवतात. मुलींनी सुटायला शिकायचं आणि मुलांनी सोडायला शिकायचं नाही, हे मला कधीच उमगलेलं नाही. माझ्या वर्गात मुलगे-मुली एकत्र शिकतात. समोरच्याने गादीवर दोनदा हात आपटला की पकड त्या क्षणी सोडायची, हा ज्युदोतला पहिला नियम. सात वर्षांच्या मुलालाही तो पहिल्या दिवशी कळतो, आणि जो पाळत नाही त्याला घरी पाठवतात. हा एवढा नियम शाळेतल्या मुलांपर्यंत पोचला तरी माझे बरेच डाव मी आनंदाने सोडून देईन.

एक गोष्ट मात्र मला खरंच चकित करते. डावाची बारकाई कळत नाही असा आपला समाज नाही. २०२३ च्या जानेवारीत पुण्यातल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत एका बाहेरच्या टांगेला चार गुण देणं बरोबर होतं का, यावर अख्खा महाराष्ट्र भांडत होता. चहाच्या टपरीवर लोक मोबाइलवरची चित्रफीत थांबवून, मागे-पुढे करून बघत होते: खांदा गादीला कुठे होता, पाठ कुठल्या कोनात होती. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त कारकून, ज्यांनी आयुष्यात लांग बांधली नाही, ते मला जिन्यात थांबवून धोक्याची स्थिती म्हणजे काय ते समजावत होते. एका टांगेवर आठवडाभर वाद घालू शकणारे आपण पोरींच्या बाबतीत दोन तासांत एकवीस डाव हे बिनबोभाट मान्य करतो. कुणी विचारत नाही, त्यातला बसला किती जणींना?

भाचीचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी वही तिने बाजूला ठेवली. मी तिला एकच दाखवलं: समोरच्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात ती फट शोधायची, मनगटाची कड त्या फटीकडे वळवायची, आणि हात मागे न ओढता उलट एक पाऊल त्याच्याकडे टाकून कोपर त्याच्या पोटाशी न्यायचं. चार बोटांशी भांडायचं नाही, अंगठ्याशी भांडायचं. पहिल्यांदा जमलं नाही, कारण पाऊल पुढे टाकायला तिचं मन धजेना. धरणाऱ्यापासून लांब जावंसं वाटणं साहजिकच आहे. तेव्हापासून मी गेले की चहाच्या आधी आमचं हेच चालतं, पंधरा उजव्या हाताने, पंधरा डाव्या. मधल्या दिवसांत ती धाकट्या भावाला धरायला लावते. तो दहा रुपये घेतो म्हणे.

गेल्या रविवारी दुपारी मी पूर्ण जोर लावून धरलं. माझी पकड अजून बरी आहे. तिचं पाऊल आत आलं, कोपर माझ्या बरगडीशी लागलं आणि हात सुटला. त्याच झटक्यात ओट्यावरची गाळणी खाली पडून घरंगळत फ्रिजखाली गेली. ती दारापर्यंत जाऊन वळली, गाल लाल झालेले.

‘आणि ओरडायचं राहिलं,’ मी म्हटलं.

तिने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणाली, ‘बाबा झोपलेत ना.’